कोंबडीच्या आतड्यातलं ग्लायकोलिपिड आणि ११६७.७ चा पीक

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात पशुवैद्यकीय जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने ब्रॉयलर कोंबडीच्या लहान आतड्यातून ग्लायकोलिपिड (साखर जोडलेले लिपिड) काढले. टीएलसी प्लेटवर (सिलिकाच्या पातळ थरावर रेणू वेगळे करण्याची पद्धत) सहा-सात पट्टे आले. नमुना बाहेरगावी पाठवून माल्डी (लेसरने रेणूंचे आयन करून त्यांचं वजन मोजण्याची मास स्पेक्ट्रोमेट्री) करून घेतलं. निगेटिव्ह मोडमध्ये ११६७.७ ला ठळक पीक आला आणि सॉफ्टवेअरने त्याला ‘ग्लायकोलिल सायलिक आम्ल असलेला जीएम३’ असं नाव दिलं. समितीने विचारलं, ‘रचना सिद्ध झाली असं म्हणायला आधार काय?’ आता तिचे दोन प्रश्न आहेत: पुढे काय करू, आणि नागपुरात बसून यातलं किती जमेल?

आधी त्या पीकबद्दल बोलते, कारण सगळी गोम तिथेच आहे.

जीएम३ म्हणजे सेरामाइडवर (लांब साखळीचा एक बेस आणि त्याला जोडलेलं फॅटी आम्ल, असा लिपिडचा बुंधा) ग्लुकोज, त्यावर गॅलॅक्टोज आणि टोकाला सायलिक आम्ल. सायलिक आम्ल असिटिल प्रकारचं, बेस नेहमीचा १८ कार्बनचा स्फिंगोसिन आणि फॅटी आम्ल पामिटिक असेल, तर निगेटिव्ह आयन ११५१.७ ला दिसतो. तुमचा पीक त्याच्या बरोबर १६ वर आहे, म्हणजे एक ऑक्सिजन जास्त. हा ऑक्सिजन दोन ठिकाणी बसू शकतो. असिटिलच्या जागी ग्लायकोलिल आलं की एक ऑक्सिजन वाढतो. फॅटी आम्लाच्या दुसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सी आला तरी एकच ऑक्सिजन वाढतो. दोन्ही रेणूंचं रासायनिक सूत्र अणू न अणू सारखं आहे. त्यामुळे कितीही महागडं, कितीही अचूक वजन सांगणारं यंत्र आणलं तरी नुसत्या वस्तुमानावरून या दोघांत फरक करता येणार नाही. सॉफ्टवेअरने यादीत जे आधी सापडलं ते तुमच्या हातात ठेवलं.

आता पक्ष्याचा विचार करा. असिटिलपासून ग्लायकोलिल सायलिक आम्ल बनवणारं जे हायड्रॉक्सिलेज एन्झाइम गाई-म्हशी, डुकरं, उंदरांत असतं, ते पक्ष्यांकडे नाही. ग्लायकोलिल सायलिक आम्ल असलेलं ग्लायकोलिपिड कोंबडीला टोचलं तर ती त्याच्याविरुद्ध जोरदार प्रतिपिंडं तयार करते, कारण तिच्या शरीराला ते परकं असतं. दुसऱ्या बाजूला, आतड्याच्या अस्तराच्या सेरामाइडमध्ये हायड्रॉक्सी फॅटी आम्लं भरपूर असतात, ही प्राण्यांच्या आतड्याची ओळखच म्हणा ना. म्हणजे जीवशास्त्र एकाच बाजूला झुकतं आहे. तरीही समितीपुढे ‘पक्ष्यांत ते नसतं’ एवढं म्हणून भागणार नाही, कारण खाद्यात मासळीचं कूट असेल तर माशाकडून थोडंसं ग्लायकोलिल येण्याची शंका कुणीही काढू शकतं. पुरावा नमुन्यातूनच द्यायचा.

तो पुरावा एका एमएस-एमएसच्या (निवडलेला आयन तोडून त्याचे तुकडे मोजणं) अंतरावर आहे. ११६७.७ निवडून तोडा. सायलिक आम्ल असिटिल असेल तर खाली २९० चा आयन दिसेल आणि वर २९१ गेल्यावर उरलेला ८७६.६ दिसेल. ग्लायकोलिल असेल तर त्याच जागी ३०६ आणि ८६०.६ येतील. बस, निकाल लागला. दोन्ही जोड्या एकदम दिसल्या तर मिश्रण आहे, आणि मग मासळीच्या कुटाची चौकशी करायची. शिवाय थोडा नमुना सौम्य आम्लाने तोडून सुटं झालेलं सायलिक आम्ल डीएमबी हे चमकणारं रसायन लावून एचपीएलसीवर (दाबाखालच्या द्रवाने रेणू वेगळे करणाऱ्या यंत्रावर) चालवा. असिटिल आणि ग्लायकोलिल वेगवेगळ्या वेळी बाहेर येतात, आणि हा दुसरा, स्वतंत्र साक्षीदार मिळतो.

याच घरातली आणखी एक फसवणूक सांगून ठेवते, कारण आतड्याच्या नमुन्यात ती हमखास येते. आतड्यात स्फिंगोसिनच्या जोडीला फायटोस्फिंगोसिन असतो. दुहेरी बंध जाऊन तिसरा हायड्रॉक्सी येतो, म्हणजे पाण्याच्या एका रेणूइतकं, १८ ने वजन वाढतं. उलट गँग्लिओसाइड (सायलिक आम्ल असलेला ग्लायकोलिपिड) आम्लात थोडा वेळ राहिला की सायलिक आम्लाचा कार्बॉक्सिल शेजारच्या साखरेशी जुळून लॅक्टोन होतो आणि वजन १८ ने घटतं. फायटोस्फिंगोसिनवाल्या जीएम३ चा लॅक्टोन आणि साध्या स्फिंगोसिनचा जीएम३ यांचं वजन पुन्हा तंतोतंत एक. नमुन्याचा छोटा भाग अमोनियात ठेवून परत मोजा. लॅक्टोन असेल तर पीक सरकेल, नसेल तर जागचा हलणार नाही.

समितीला जे म्हणायचं आहे ते हेच. ‘रचना ठरवली’ या एका वाक्यात पाच-सहा वेगळे दावे दडलेले असतात: साखर कोणती, साखरांचा क्रम काय, कुठल्या कार्बनला कुठली जोडली, जोड अल्फा की बीटा, सेरामाइडमध्ये कुठला बेस आणि कुठलं फॅटी आम्ल, आणि असिटिल किंवा सल्फेट लटकतंय का. प्रत्येक दाव्याला आपापला पुरावा लागतो. मास स्पेक्ट्रोमीटरला १६२ दिसतं, म्हणजे साखळीतल्या एका हेक्सोजचं (सहा कार्बनच्या साखरेचं) वजन. ते ग्लुकोज की गॅलॅक्टोज हे त्याला कळत नाही. त्याला २०३ दिसतं, ते एन-असिटिल ग्लुकोसामाइन की गॅलॅक्टोसामाइन, हेही नाही. हे ज्या दिवशी मनात पक्कं बसतं, त्या दिवसापासून कामाची आखणी आपोआप बदलते.

या सगळ्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे, ज्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं: तुमच्या नळीतला रेणू कोंबडीचा आहे का?

आतडं हे यकृत किंवा मेंदूसारखं स्वच्छ इंद्रिय नाही. त्यात खाद्य आहे, जंतू आहेत, पित्त आहे, कधी कृमी आहेत. आपल्याकडच्या ब्रॉयलरचं खाद्य म्हणजे मका आणि सोयापेंड. विदर्भातला सोयाबीन शेवटी कोंबडीच्या पोटातच जातो. सोयाबीनमध्ये स्वतःचा ग्लुकोसिलसेरामाइड असतो. त्याचा बेस दोन दुहेरी बंधांचा आणि फॅटी आम्ल हायड्रॉक्सी पामिटिक. पॉझिटिव्ह मोडमध्ये तो ७१४.५ ला, सोडियमसह ७३६.५ ला दिसतो. प्लेटवर तो कोंबडीच्या एकसाखरी सेरामाइडच्या गर्दीतच जाऊन बसतो. एमएस-एमएसमध्ये बेसचे तुकडे पाहा: स्फिंगोसिनचा २६४ येतो, वनस्पतीच्या बेसचा २६२. एकसाखरी पट्ट्यात २६२ ठळक दिसला की आधी खाद्याकडे बोट दाखवायचं. (प्राण्यांमध्येही दोन दुहेरी बंधांचा बेस थोडा सापडतो, पण त्यात दुसरा बंध चौदाव्या कार्बनवर असतो आणि वनस्पतीत आठव्या. म्हणून नुसत्या २६२ वर फाशी द्यायची नाही, खाद्याचा नमुना शेजारी चालवून खात्री करायची.)

वनस्पतीचा दुसरा पाहुणा म्हणजे स्टेरॉल ग्लुकोसाइड. सिटोस्टेरॉल ग्लुकोसाइड सोडियमसह ५९९.४ ला दिसतो. अल्कलीने तो तुटत नाही, त्यामुळे ‘अल्कलीत टिकलं म्हणजे स्फिंगोलिपिड’ हा पाठ केलेला नियम इथे चकवतो. साखर दाखवणाऱ्या ऑर्सिनॉलच्या फवाऱ्याला तोही रंग देतो. पण त्यात नायट्रोजन नाही, हे लक्षात ठेवलं की तो पकडता येतो.

जंतूंचं वेगळंच. बॅक्टेरॉइडीस गटातले जंतू स्वतः स्फिंगोलिपिड बनवतात, आणि त्यांचे बेस बहुधा १७ कार्बनचे, फांदी असलेले, दुहेरी बंध नसलेले असतात. बॅक्टेरॉइडीस फ्रॅजिलिस तर अल्फा जोडाचा गॅलॅक्टोसिलसेरामाइड बनवतो. म्हणजे सीकममधून (लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरच्या पिशव्यांतून) घेतलेल्या नमुन्यात अल्फा गॅलॅक्टोज सापडला म्हणून उड्या मारण्याआधी बेस मोजायचा. आणि गावरान कोंबडी घेतलीत तर गोलकृमी डोळ्यांनी शोधून काढा. गोलकृमींच्या ग्लायकोलिपिडमध्ये मॅनोजवाली वेगळीच साखळी आणि वर फॉस्फोकोलिनही लटकलेलं असतं. पक्ष्यात ते सापडल्याचं जाहीर केलंत तर पुढची पाच वर्षं खुलासे करत बसाल.

तेव्हा ऊती घेण्याची पद्धत मी सांगते तशी ठेवा. पक्षी रात्रभर उपाशी, पाणी मात्र चालू. आतडं बर्फावर. ड्युओडिनमच्या (लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या) वळणात स्वादुपिंड अडकलेलं असतं, ते आधी सोडवून बाजूला काढा, नाहीतर त्याचे लिपिड आणि त्याची पाचक एन्झाइम दोन्ही तुमच्या नळीत येतील. जेजुनम (लहान आतड्याचा मधला भाग) कुठे संपतं ते डोळ्यांनी ठरवू नका, मेकेलचं डायव्हर्टिक्युलम, बलकाच्या देठाची ती छोटीशी खूण, शोधा आणि तिथेच कापा. मेसेंटरीची चरबी काढा. आतडं उभं चिरून थंड सलाइनने, पाणी नितळ येईपर्यंत धुवा. रक्त राहू देऊ नका. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतो आणि त्यांच्या पटलावर त्यांचे स्वतःचे ग्लायकोलिपिड असतात. मग काचेच्या स्लाइडच्या कडेने अस्तर हलक्या हाताने खरवडा, जोर दिलात की स्नायूचा थर सोबत येतो. पेयर्स पॅच आणि सीकमच्या टॉन्सिलचा भाग वगळा, तिथे लिम्फ पेशींची गर्दी असते. खरवडलेलं लगेच द्रव नायट्रोजनमध्ये, नंतर उणे ८० ला.

आणि जोडीला तीन नमुने काढा: धुतलेलं अस्तर, आतड्यातला ऐवज, आणि पोत्यातलं खाद्य. तिघांवर अगदी तीच प्रक्रिया करा, एकाच प्लेटवर शेजारी-शेजारी चालवा. या एका प्लेटने तुमच्या प्रबंधातली अर्धी शंका मिटेल. मी कुठल्याही समितीवर असले तर ही प्लेट आधी मागते.

कुणी सुचवेल की अंड्यातल्या गर्भाचं आतडं घ्या, त्यात खाद्यही नाही आणि जंतूही नाहीत. गुणात्मक पडताळणीसाठी कल्पना चांगली आहे. पण उबवणीच्या शेवटच्या दिवसांत बलकाची पिशवी पिलाच्या पोटात ओढली जाते, आणि बलकात जीएम४ (एकट्या गॅलॅक्टोजवर सायलिक आम्ल) आणि जीएम३ हे गँग्लिओसाइड असतात. शिवाय गर्भाच्या आणि मोठ्या पक्ष्याच्या आतड्यातल्या साखळ्या सारख्या असतीलच असं नाही. तेव्हा तो एक पुरावा म्हणून ठेवा, मुख्य नमुना म्हणून नको.

सुरक्षिततेबद्दल एक गोष्ट ठणकावून सांगते. महाराष्ट्रात २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ ने गेले, ती बातमी जानेवारी २०२५ ची आहे. मरतुक सुरू असलेल्या शेडमधून किंवा अचानक मेलेल्या पक्ष्याचं आतडं कधीही प्रयोगशाळेत आणू नका. तो नमुना पशुसंवर्धन विभागामार्फत भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेकडे जातो, तुमच्या टेबलावर येत नाही. तुमच्या विषयाचं महत्त्वही याच रोगात आहे. हा विषाणू पेशीला चिकटतो तो सायलिक आम्लाला धरून, आणि पक्ष्यांकडचे विषाणू सायलिक आम्ल गॅलॅक्टोजच्या तिसऱ्या कार्बनला जोडलेलं असेल तिथे जास्त आवडीने बसतात. बदकांत तर विषाणू आतड्यातच वाढतो. म्हणून ‘सायलिक आम्ल आहे’ एवढ्याने काही कळत नाही. तिसऱ्याला की सहाव्याला, हे सांगता आलं पाहिजे.

आता अर्क. ताज्या ऊतीला क्लोरोफॉर्म-मिथेनॉल २:१, मग १:१, मग १:२ असं पाळीपाळीने काढा. स्वेनरहोम आणि फ्रेडमन यांची १९८० ची ४:८:३ ची पाणी घातलेली पद्धत गँग्लिओसाइडला मला जास्त भरवशाची वाटते. पण फोल्चच्या पद्धतीने, म्हणजे अर्कात पाणी मिसळून, थर वेगळे करून ‘वरच्या थरात गँग्लिओसाइड, खालचा थर फेकून दिला’ असं पक्ष्यांच्या बाबतीत करू नका. जीएम३ आणि जीएम४ यांची साखळी तोकडी असते, त्यांचा बराच भाग खालच्या थरात राहतो. सल्फेटाइडही (सल्फेट जोडलेला गॅलॅक्टोसिलसेरामाइड) तिथेच. थर वेगळे करण्याऐवजी सगळा अर्क डीईएई-सेफाडेक्सच्या असिटेट कॉलमवरून जाऊ द्या. उदासीन ग्लायकोलिपिड सरळ निघून जातात, आम्लधर्मी अडकतात, आणि मिथेनॉलमधल्या असिटेटचं प्रमाण वाढवत नेलं की एक सायलिकवाले आधी, दोन-तीनवाले नंतर उतरतात.

फॉस्फोलिपिड घालवायला मिथेनॉलमधलं सौम्य सोडियम हायड्रॉक्साइड, ३७ अंशांवर तास-दोन तास. इथे थांबा. त्याआधी अर्काचा एक वाटा बाजूला काढून ठेवा, अल्कलीला न दाखवता. सायलिक आम्लावर ओ-असिटिल गट असतील तर अल्कली त्यांना पुसून टाकते, आणि मग ते होते की नव्हते हे सांगणारा कोणताही पुरावा शिल्लक राहत नाही. अल्कलीनंतरही स्फिंगोमायलिन (सेरामाइडवरचा फॉस्फोलिपिड) टिकून राहतं. त्याचा त्रास झाला तर साइटो आणि हाकोमोरी यांची १९७१ ची असिटिलेशन करून फ्लोरिसिलवर वेगळं करण्याची पद्धत आजही उत्तम चालते.

नागपूरच्या हवेचा विचार पुस्तकात नसतो, म्हणून तो इथे. मेमध्ये पारा ४५ च्या आसपास असतो. इथर ३५ ला उकळतो, मिथाइल आयोडाइड ४२ ला. वातानुकूलन बंद पडलेल्या खोलीत मिथाइल आयोडाइडची बाटली उघडणं म्हणजे विषारी वाफ छातीत भरून घेणं, ते करायचं नाही. फ्यूम हूड, बर्फ आणि हातमोजे नसतील तर त्या दिवशी काम पुढे ढकला. रोटाव्हेपरचा बाथ ४० च्या वर नको, पण उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच तेवढं तापलेलं असतं. कंडेन्सरला ते लावून क्लोरोफॉर्मच्या वाफेचा नीट द्रव होत नाही. चिलर लावा, नाहीतर बर्फाच्या बादलीतून पंपाने पाणी फिरवा. क्लोरोफॉर्म जुना आणि उन्हात राहिलेला असेल तर त्यात आम्ल तयार झालेलं असतं, आणि वर सांगितलेले लॅक्टोन तिथूनच जन्माला येतात. सगळं काचेत, टेफ्लॉनच्या झाकणांत. प्लास्टिकच्या नळ्यांतून निघालेले थॅलेट मास स्पेक्ट्रमभर पसरतात.

पावसाळ्याची तऱ्हा उलटी. जुलै-ऑगस्टमध्ये सिलिका प्लेट ओलावा खाते आणि तेच मिश्रण तेच पट्टे वेगळ्या उंचीवर नेतं. प्लेट ११० अंशांवर अर्धा तास तापवा आणि दुसऱ्याच्या शोधनिबंधातले आरएफ आकडे (पट्टा किती वर चढला त्याचं गुणोत्तर) जुळवत बसू नका. प्रत्येक प्लेटवर स्वतःचे प्रमाण नमुने हवेतच. उदासीन छोट्या साखळ्यांना क्लोरोफॉर्म-मिथेनॉल-पाणी ६५:२५:४, लांब साखळ्यांना ६०:३५:८. गँग्लिओसाइडला ५५:४५:१०, त्या पाण्यात थोडं कॅल्शियम क्लोराइड. ऑर्सिनॉलने सगळ्या साखरा जांभळ्या, रिसॉर्सिनॉलने फक्त सायलिकवाले निळसर जांभळे. प्रायम्युलिन रेणूला इजा करत नाही, म्हणून पट्टा खरवडून पुढे न्यायचा असेल तर तोच वापरा.

तुमच्या सहा-सात पट्ट्यांबद्दल: ते सहा-सात ग्लायकोलिपिड आहेत असं समजू नका. एकाच साखळीचे साधं फॅटी आम्ल, हायड्रॉक्सी फॅटी आम्ल आणि फायटोस्फिंगोसिन असे प्रकार आतड्यात एकत्र असतात आणि ते वर, मध्ये, खाली असे दोन-तीन पट्टे देतात. मला तरी वाटतं की तुमच्याकडे साखळ्या तीन-चार असाव्यात आणि बाकी सेरामाइडचा पसारा. एकसाखरी पट्ट्यात ग्लुकोज की गॅलॅक्टोज हे बघायला बोरॅक्स लावलेली प्लेट पुरते. गॅलॅक्टोजचे शेजारी-शेजारी एकाच बाजूचे हायड्रॉक्सी बोरेटला धरतात, त्यामुळे तो पट्टा मागे राहतो. चार रुपयांचं रसायन, आणि लाखांच्या यंत्राला न सुटणारा प्रश्न सुटतो. पक्ष्यांत जीएम४ आणि सल्फेटाइड हे गॅलॅक्टोसिलसेरामाइडपासूनच बनतात, म्हणून ही चाचणी इथे टाळू नये. सल्फेटाइडची खूण निगेटिव्ह मोडमध्ये ९७ चा सल्फेट आयन.

लांब साखळ्यांत खरा गोंधळ आहे. तीन हेक्सोज आणि एक असिटिल हेक्सोसामाइन हे एकच वजन ग्लोबो, गँग्लिओ, लॅक्टो आणि निओलॅक्टो या चारही घराण्यांना लागू पडतं. इथे परमिथिलेशनशिवाय (सगळ्या मोकळ्या हायड्रॉक्सींवर मिथाइल गट चढवणं) गत्यंतर नाही. हाकोमोरींची १९६४ ची पद्धत होती, आता बहुतेक जण सिउकानू आणि केरेक यांची १९८४ ची सोडियम हायड्रॉक्साइड आणि डीएमएसओची पद्धत वापरतात, तुम्हीही तीच वापरा. त्यातला एकमेव शत्रू पाणी. सोडियम हायड्रॉक्साइडची गोळी खलात कुटताना ती हवेतली वाफ ओढते, डीएमएसओही ओढतो, आणि अर्धवट मिथिलेशन झालं की जिथे साखर जोडलेलीच नाही तिथेही मोकळा हायड्रॉक्सी उरतो. मग विश्लेषणात नसलेल्या फांद्या दिसू लागतात. शक्य असेल तर हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. आपल्याकडची थंडीतली कोरडी हवा या रसायनाला मानवते.

परमिथिलेशननंतर एमएस-एमएसमध्ये टोक ओळखता येतं. टोकाला एकटा असिटिल हेक्सोसामाइन असेल तर २६०, म्हणजे ग्लोबोकडे कल. टोकाला हेक्सोज आणि त्यामागे असिटिल हेक्सोसामाइन असेल तर ४६४, म्हणजे बाकी तिघांपैकी कुणीतरी. मग साखळी आम्लाने तोडून, ड्युटेरियमच्या बोरोहायड्राइडने क्षपण करून, असिटिलेशन करून जीसी-एमएसवर (वायूतून रेणू वेगळे करून त्यांचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर) घाला. चौथ्या कार्बनला जोडलेल्या हेक्सोजचे ठळक तुकडे ११८ आणि २३३, तिसऱ्याला जोडलेल्याचे ११८, १६१ आणि २३४. ग्लुकोज की गॅलॅक्टोज हे बाहेर येण्याच्या वेळेवरून, प्रमाण नमुना शेजारी ठेवून. हा जुना मार्ग आहे आणि वेळखाऊ आहे, पण जोड कुठल्या कार्बनला हे इतक्या थेटपणे सांगणारं दुसरं काही तुमच्या आवाक्यात नाही.

अल्फा-बीटासाठी एन्झाइम. हिरव्या कॉफीच्या बियांतलं अल्फा गॅलॅक्टोसिडेज, जॅक बीनचं बीटा गॅलॅक्टोसिडेज आणि हेक्सोसामिनिडेज. सोबत पित्तक्षाराचा डिटर्जंट घालायचा, नाहीतर एन्झाइमला लिपिड दिसतच नाही. दर वेळी ज्याची रचना ठाऊक आहे असा रेणू शेजारच्या नळीत. नमुना तुटला नाही, तर जोड वेगळा आहे की एन्झाइमच मेलंय, हे त्याशिवाय कळायचं नाही. सायलिक आम्लाच्या जोडासाठी साल्मोनेला टायफिम्युरियमचं सायलिडेज तिसऱ्या कार्बनचा जोड पटकन तोडतं, सहाव्याचा रेंगाळतो. राणीखेतच्या विषाणूचं न्युरामिनिडेजसुद्धा तिसऱ्याचा तोडतं आणि सहाव्याचा सोडतं, पण जिवंत विषाणू हाताळायची भानगड नको, शुद्ध एन्झाइम विकत मिळतं.

साखळी सेरामाइडपासून अख्खी सोडवणारं एंडोग्लायकोसेरामिडेज वापरणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा: त्याचा नेहमी विकला जाणारा प्रकार ग्लुकोजवर उभ्या साखळ्या सोडवतो, ग्लोबोवर मंद चालतो, आणि गॅलॅक्टोजपासून सुरू होणाऱ्या जीएम४ किंवा सल्फेटाइडला हात लावत नाही. सुटलेल्या साखरांच्या यादीत ते दिसले नाहीत म्हणून ऊतीत नाहीत, असा निष्कर्ष काढू नका.

कोंबडी फोर्समन प्रतिजन (टोकाला दोन असिटिल गॅलॅक्टोसामाइन असलेली ग्लोबो साखळी) असलेल्या प्राण्यांत गणली जाते. दोन असिटिल हेक्सोसामाइन आणि तीन हेक्सोजचा पट्टा मिळाला तर टीएलसी प्लेटवरच फोर्समनविरोधी प्रतिपिंड लावून बघा. आणि अल्फा गॅलॅक्टोज सापडला तर तो कुठल्या कार्बनला, हे नक्की केल्याशिवाय लिहू नका. सस्तन प्राण्यांतला तिसऱ्या कार्बनचा जोड पक्षी बनवत नाहीत. चौथ्याचा जोड मात्र ग्लोबो साखळीत असतो.

एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे संकेत वाचून रचना ठरवणं) शेवटी. शुद्ध झालेला एखादा महत्त्वाचा रेणू पुरेसा असेल, निदान दहांच्या घरात मायक्रोग्रॅम, तर डीएमएसओत थोडं जड पाणी घालून ६०० मेगाहर्ट्झवर चालवा. बीटा जोडाच्या अॅनोमेरिक प्रोटॉनची (साखरेच्या जोडाच्या कार्बनवरच्या हायड्रोजनची) फूट ७ ते ८ हर्ट्झ, अल्फाची ३ ते ४. या एका आकड्यापुढे वाद संपतो. तेवढा माल जमवायला एका पक्ष्याचं आतडं पुरणार नाही, चिकनच्या दुकानातून ताजं आतडं गोळा करावं लागेल. त्यासाठी दुकानदाराशी आधी बोलून ठेवा, कापल्याबरोबर बर्फात ठेवायला सांगा, आणि संस्थेच्या प्राणी नीती समितीला लेखी कळवा.

नागपुरात किती जमेल? अर्क, कॉलम, अल्कली, सगळ्या प्लेटा, बोरॅक्सची चाचणी, एन्झाइम, प्रतिपिंड, हे सगळं इथल्या कुठल्याही नीट सजवलेल्या जीवरसायन प्रयोगशाळेत होतं. एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, १९४२ पासूनची आहे आणि तिथे तेल तंत्रज्ञानाची परंपरा आहे. लिपिडचे जीसी चालवणाऱ्या माणसांशी जाऊन बोला, ते मिथाइल एस्टरचं काम डोळे झाकून करतात आणि तुमच्या फॅटी आम्लांचा प्रश्न तिथेच सुटेल. एमएस-एमएस आणि एनएमआर मुंबईच्या आयआयटीतल्या सैफसारख्या (महागड्या विश्लेषण यंत्रांच्या सामायिक) केंद्राकडून करून घ्यावा लागेल. तिथे पाठवताना ‘जीएम३ आहे का बघा’ असं लिहू नका. कुठला आयन निवडायचा, कुठल्या ऊर्जेवर तोडायचा, कुठले तुकडे शोधायचे ते तक्त्यात लिहून द्या, आणि कच्चा डेटा परत मागा. पीडीएफमधल्या चित्रावरून पुढे काहीच तपासता येत नाही.

प्रबंधात लिहिताना जिथपर्यंत पुरावा आहे तिथपर्यंतच नाव द्या. जोड ठरलेला नसेल तर ‘दोन हेक्सोजवाला सेरामाइड’ असं लिहा, ‘लॅक्टोसिलसेरामाइड’ नको. प्रत्येक रेणूसमोर एक तक्ता द्या: साखरेची ओळख कशावरून, क्रम कशावरून, जोड कशावरून, अल्फा-बीटा कशावरून, सेरामाइड कशावरून. जो रकाना रिकामा आहे तो रिकामाच छापा. समितीतल्या माणसाला रिकामा रकाना खटकत नाही, अंदाजाने भरलेला खटकतो.

सध्या तुमच्याकडे जो अर्क उरला आहे त्याचं असं करा. एक वाटा अल्कली न लावता उणे ८० ला ठेवून द्या. दुसऱ्यातून ११६७.७ आणि ११५१.७ या दोन्हींचा एमएस-एमएस मागवा, अमोनियाआधी आणि अमोनियानंतर. खाद्याचा अर्क याच आठवड्यात करा, त्याला पक्षीही लागत नाही. परमिथिलेशनसाठी थंडीची वाट पाहा, तोवर बोरॅक्सच्या प्लेटा आणि एन्झाइमचं काम होऊन जाईल. ११६७.७ मधून २९० आणि ८७६.६ आले की तो पीक हायड्रॉक्सी पामिटिकवाला साधा जीएम३ म्हणून नोंदवा, सायलिक आम्लाचा जोड तिसऱ्या कार्बनला हे सायलिडेजने दाखवल्यावरच.